बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि शहरातील मोकळ्या जागा

नगराच्या नकाशावर घरे, रस्ते, बाजार व कार्यालये दाखवून झाल्यावर जी जमीन शिल्लक राहते, तिला ‘मोकळी जागा’ म्हणण्याचा प्रघात आहे. या नावामुळे ती जमीन निरुपयोगी आहे आणि केव्हाही बांधकामासाठी घेता येईल, असा समज सहज रूढ होतो. वास्तविक अशी जमीन अव्याहत काम करीत असते. पावसाचे पाणी पोटात घेणे, ओढ्यांना वाट देणे, उन्हाचा ताप कमी करणे आणि विहिरींना पाझर पुरविणे ही तिची कामे होत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांची नोंद होत नाही, इतकेच. मध्य प्रदेशात तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बऱ्हाणपूर शहराने या कामाचे मोल चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. तेथील ‘कुंडी भंडारा’ ही भुयारी पाणीपुरवठा योजना त्याची साक्ष आहे.

योजनेची पार्श्वभूमी

फारुकी सुलतानांनी वसविलेले बऱ्हाणपूर १६०१ मध्ये असीरगडाबरोबर मोगलांच्या पूर्ण ताब्यात आले आणि दक्षिणेतील मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. सैन्य, व्यापारी, कारागीर व प्रवासी यांची वर्दळ वाढली. तापी जवळ असली तरी शहर उंच काठावर आहे. नदीचे पाणी खालून वर चढविणे कष्टाचे होते. शिवाय वेढा पडल्यास शत्रू नदीचा मार्ग रोखू शकत असे. हिंदी दोह्यांमुळे ज्यांचे नाव शाळकरी मुलांनाही परिचित आहे, ते अब्दुर्रहीम खानखानान त्या काळी येथे सत्ताधिकारी होते. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, सुमारे १६१५ मध्ये, त्यांनी इराणी पद्धतीची ही योजना उभारली.

शहराच्या वायव्येस सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून वाहत येणारे पाणी मूळ भंडारा, सुका भंडारा, चिंताहरण भंडारा आणि खुनी भंडारा अशा ठिकाणी अडविण्यात आले. यांतील शेवटचा भंडारा ‘कुंडी भंडारा’ या नावाने अधिक प्रसिद्ध आहे. भुयारी मार्गाने हे पाणी ‘जाळी कारंज’ या हौदात येत असे व तेथून नळांद्वारे शहरात पोहोचत असे.

पाणी कसे वाहते?

या योजनेचे तत्त्व शाळेतील विद्यार्थ्यालाही सहज समजेल असे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले दगडगोटे, वाळू व रेती यांचा जाड थर साचलेला आहे. डोंगरावरून उतरणारे ओढे या थरावर आले की त्यांचे बरेचसे पाणी जमिनीत मुरते आणि उताराच्या दिशेने तापीकडे सरकू लागते. पायथ्यालगतच्या अशा जमिनीत पाणी लागेपर्यंत खोदावयाचे आणि तेथून शहराच्या दिशेने अगदी मंद उताराचे भुयार काढावयाचे, ही या पद्धतीची पहिली पायरी. वरच्या जमिनीचा उतार भुयाराच्या उतारापेक्षा अधिक असतो. त्यामुळे भुयार जसजसे पुढे जाते तसतसे ते जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते आणि पाणी कोणत्याही मोटेविना वा पंपाविना, केवळ स्वतःच्या वजनाने, हौदात येऊन पडते.

भुयाराच्या मार्गावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत. यांनाच ‘कुंड्या’ म्हणतात आणि त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. खोदकामाच्या वेळी माती बाहेर काढण्यासाठी आणि पुढे हवा, उजेड व साफसफाई यांसाठी त्यांचा उपयोग झाला. पुराचे गढूळ पाणी आत शिरू नये म्हणून त्यांची तोंडे जमिनीपासून उंच बांधून घेतलेली आहेत. भुयारातील पाण्याला ऊन लागत नाही, त्यामुळे बाष्पीभवनाने होणारी हानी अल्प राहते.

या पद्धतीचा आणखी एक गुण आजच्या काळात विशेष विचार करण्याजोगा आहे. डोंगर जितके पाणी देईल तितकेच भुयारातून येते. पाऊस कमी झाला की प्रवाह मंदावतो आणि नगराला आपला वापर आवरावा लागतो. विंधन विहिरीचे तसे नाही. पंप चालू आहे तोवर ती खोलवरचे पाणी उपसत राहते आणि साठा संपत आल्याची सूचना फार उशिरा मिळते.

बाग आणि पाणी यांचे नाते

बऱ्हाणपूरच्या रचनेत बागा शोभेपुरत्या नव्हत्या. सुका भंडाऱ्याचे पाणी मुळात मोगलांच्या बागा व परिसरातील जमीन भिजविण्यासाठी होते. खुनी भंडाऱ्याचे पाणीही आरंभी लालबागेपर्यंतच नेले होते. गरजेपेक्षा अधिक पाणी मिळते असे दिसून आल्यानंतर ते पुढे जाळी कारंजपर्यंत वाढविण्यात आले. तापीपलीकडील झैनाबादचा आहूखाना हीदेखील अशीच राखलेली उद्यानभूमी होती. १६३१ मध्ये बऱ्हाणपूर येथे मुमताजमहलचे निधन झाल्यावर तिचा देह आग्र्यास नेण्यापूर्वी झैनाबादच्याच बागेत तात्पुरता दफन करण्यात आला होता.

डोंगरावरील जंगल, पायथ्याची पाणी मुरविणारी जमीन, भुयाराचा मार्ग, बागा, वस्ती आणि शेवटी नदी अशी ही एक सलग साखळी होती. तिचा एखादा दुवा तुटला की परिणाम संपूर्ण साखळीवर होतो.

असे प्रयत्न इतरत्रही झाले. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथे नहर बांधली. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्याच्या हौदांत आणले. इराणमधील अशा भुयारी कालव्यांचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बऱ्हाणपूरच्या खुनी भंडाऱ्यास २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले.

संकट कोठे आहे?

वारशाच्या यादीत नाव येणे ही अभिमानाची बाब खरी. परंतु केवळ कुंड्यांची डागडुजी केल्याने भंडारा जिवंत राहणार नाही. या योजनेचा महत्त्वाचा भाग दगड-चुन्याच्या बांधकामात नसून त्याच्या वरच्या बाजूस पसरलेल्या जमिनीत आहे. डोंगरउतारावरील झाडी कमी झाली की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावत सुटते. पायथ्याच्या जमिनीवर घरे, गोदामे व फरसबंदी झाली की मुरण्याची वाट बंद होते. केळीच्या बागा हे या जिल्ह्याचे वैभव आहे, पण त्या पिकाला वर्षभर पाणी लागते आणि त्यासाठी विंधन विहिरींचा मोठा आधार घेतला जातो. त्यामुळे भूजल खाली जाते, आणि भूजलाची पातळी भुयाराच्या तळाखाली गेली की उत्तम बांधणीचे भुयारही कोरडे पडते.

एक साधा हिशेब येथे उपयोगी पडेल. एक हेक्टर जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी जमा होते. ती जमीन माती व झाडीने झाकलेली असेल तर त्यातील चांगला हिस्सा पोटात जातो. तीच जमीन सिमेंटने झाकली तर बहुतेक पाणी गटारात व सखल वस्तीत शिरते. एकाच शहरात पावसाळ्यात रस्ते तुंबतात आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट आराखड्याची. नवी वसाहत आखताना गैरसोयीचा, वेडावाकडा तुकडा बागेसाठी ठेवला जातो. त्याऐवजी प्रथम ओढे, नाले, सखल भाग व पाणी मुरणारी जमीन नकाशावर दाखवावी, ती मोकळी राखावी आणि मगच भूखंड पाडावेत. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरमाणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. ही जागा किती आहे याबरोबरच ती कोठे आहे, यालाही महत्त्व दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट बागेच्या बांधणीची. बागेत फरशी व सिमेंट कमीत कमी असावे. पायवाटा मुरमाच्या असाव्यात आणि बागेची पातळी रस्त्यापेक्षा किंचित खाली असावी, म्हणजे रस्त्यावरील तुलनेने स्वच्छ पाणी तेथे थांबून मुरेल. सतत पाणी मागणाऱ्या हिरवळीपेक्षा कडुनिंब, वड, चिंच, करंज, जांभूळ असे येथल्या हवेत वाढणारे वृक्ष लावावेत. त्यांना पहिली काही वर्षे जपले की पुढे फारशी निगा लागत नाही.

तिसरी गोष्ट पायथ्याच्या गावांची. समतल चर, दगडी बांध, पाझर तलाव व चराईबंदी ही कामे वरकरणी त्या गावांपुरती दिसतात. पण त्यांचा लाभ खालच्या शहरालाही मिळतो. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पाणलोट विकास व सामाजिक वनीकरण हे पंचायतींचे, तर बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, नागरी वनीकरण व उद्याने हे नगरसंस्थांचे विषय आहेत. बऱ्हाणपूरच्या पाण्यासाठी या दोहोंनी एकाच नकाशावर काम करणे आवश्यक आहे. तापी खोऱ्यातील भूजल पुनर्भरणाच्या महाप्रकल्पासाठी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात १० मे २०२५ रोजी सामंजस्य करार झाला. मोठ्या योजनेला गावपातळीवरील अशा लहान कामांची जोड मिळाली तर तिचा लाभ वाढेल.

शेतकऱ्यांनी केळीला ठिबक सिंचनाने पाणी दिल्यास उपसा कमी होईल. शिक्षकांना तर कुंडी भंडारा म्हणजे इतिहास, भूगोल व विज्ञान यांचा एकत्रित पाठच आहे. विद्यार्थ्यांनी गावातील एका विहिरीची पाणीपातळी दरमहा दोरीने मोजून फळ्यावर लिहिली तरी दोन-तीन वर्षांत गावाला स्वतःच्या पाण्याचा विश्वसनीय हिशेब मिळेल.

कुंडीच्या तोंडाशी उभे राहिले असता खोल तळाशी पाण्याचा प्रवाह दिसतो. तो प्रवाह दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा आहे, आणि मधल्या वाटेवरील जमीन मोकळी राहिली म्हणूनच तो येथवर पोहोचला आहे. ही वाट पुढील पिढ्यांसाठी खुली ठेवणे गावकरी, नगरवासी व प्रशासन यांच्या हाती आहे.