थर्मल पेस्ट किती लावायची? प्रोसेसर तापण्यामागचं साधं गणित

नवा कम्प्युटर जोडला, महागडा कूलर बसवला, तरी गेम सुरू करताच प्रोसेसर ९५ अंशांवर! अशा वेळी कूलर बदलण्याआधी त्याच्याखालची थर्मल पेस्ट तपासा. तापमान मर्यादेला भिडलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे पैसे वेगवान प्रोसेसरचे मोजले आणि काम मिळालं हळू.

पेस्ट नेमकं काय करते?

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ दिसायला गुळगुळीत असतात, पण दोन्हींवर बारीक चरे आणि खळगे असतात. त्यात हवा अडकते आणि हवेतून उष्णता फारच कमी जाते. पेस्ट ही हवा हटवते. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी सरस, पण तांब्यापुढे अगदीच कमी. म्हणून थर पातळ हवा, मात्र सगळीकडे पोहोचलेला हवा.

लावायची कशी?

१. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पूर्ण वाळू द्या.

२. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढा. ते विसरणारे खूप जण असतात!

३. कूलरवर आधीच पेस्ट असेल, तर वरून आणखी लावू नका.

४. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका द्या. प्रोसेसर मोठा किंवा लांबट असेल, तर बारीक फुली काढा.

५. कूलर सरळ खाली ठेवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पेस्ट पसरवण्याचं काम हा दाबच करतो.

बसवलेला कूलर पुन्हा उचलला, तर आत हवा शिरते. मग पुसून नव्यानेच लावा.

कमी की जास्त?

थोडी जास्त झाली तर बाजूने बाहेर येते, पसारा होतो. कमी पडली तर कोपरे कोरडे राहतात आणि तिथेच तापमान चढतं. कमी पडणं जास्त वाईट.

हे मात्र टाळा

लिक्विड मेटल ही साधी पेस्ट नव्हे. त्यातून वीज वाहते, त्यामुळे थेंब सांडला तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. शिवाय त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमचा तळ खराब करतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा जुना कूलरही ओढून काढू नका, प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी कम्प्युटर थोडा वेळ चालवा, मग बंद करून, प्लग काढून आणि स्क्रू-क्लिप सोडवून कूलर हलकेच फिरवत सोडवा.