प्रबंध आधी की जीर्णोद्धार?

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, कोरगावातल्या एखाद्या मुलीने ‘मी कलेच्या इतिहासात पीएच.डी. करणार’ असे घरी सांगितले, तर पहिला प्रश्न आजीचा : म्हणजे चित्रे काढणार? दुसरा मामाचा : नोकरी कुठे? आजीला उत्तर देणे सोपे आहे. चित्रे कोणीतरी आधीच काढलेली आहेत, मूर्ती घडवलेल्या आहेत, देवळे बांधलेली आहेत. ती कधी झाली, कोणाच्या पैशाने, कोणत्या दगडात, कोणते काम बघून, हे पुराव्यानिशी मांडायचे. मामाकडे नंतर येऊ.

आधी दार शोधावे लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शाखेत कला-इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची कला आणि सौंदर्यशास्त्राची शाळा आहे. मंदिर आणि मूर्ती हाच विषय असेल, तर मराठी माणसाची पावले पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे वळतात. तिथे हा अभ्यास पुरातत्त्वाच्या अंगाने होतो; गो. बं. देगलूरकरांनी महाराष्ट्रातल्या मंदिरांवर आणि मूर्तींवर आयुष्यभर केलेले काम त्याच परंपरेतले. गोव्यात इतिहासाच्या दारानेही आत शिरता येते. वि. रा. मित्रगोत्री यांचा भोजांपासून विजयनगरपर्यंतच्या गोव्याच्या सामाजिक-सांस्कृतिक इतिहासावरचा प्रबंध गोवा विद्यापीठातला. तो १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि गोव्यातल्या देवदेवतांवर काम करणाऱ्याला त्याला वळसा घालून जाता येत नाही.

नियमांचे थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत, सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के हवेत. नेटला कला-इतिहास ‘व्हिज्युअल आर्ट’ या विषयात येतो. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ती मिळाली नाही तर शाळेत शिकवत, शनिवार-रविवारी देवळे बघत प्रबंध लिहायचा. असे लिहिलेले प्रबंध वाईटच असतात असे नाही.

खरी गंमत गावात आहे. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे आला १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. तोवर तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळे पाडून सव्वादोनशे वर्षे उलटली होती. तिथले देव नद्या ओलांडून अलीकडे आले : दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला, कळंगुटची शांतादुर्गा नानोड्याला. नव्या काबिजादीत, म्हणजे पेडण्यासारख्या उशिरा मिळवलेल्या महालांत, पाडापाडीची ती लाट आली नाही. त्यामुळे पेडणे-डिचोलीत अभ्यासकाला दोन तऱ्हेची देवळे भेटतात, जागेवर राहिलेल्या देवांची आणि स्थलांतरित देवांची. एखादी मूर्ती या गावची की पाहुणी, हे ठरवणे हाच एका प्रबंधाचा ऐवज होईल.

दगडापासून सुरुवात करता येते. आपला चिरा, म्हणजे जांभा, भोकाभोकांचा. त्यात भिंत उभी राहते, लेणे खोदता येते, पण देवीच्या बोटातली अंगठी कोरता येत नाही. डिचोलीतली हरवळ्याची लेणी जांभ्यात आहेत. बारीक घडणीची मूर्ती मात्र घट्ट, गुळगुळीत पाषाणाची लागते. जांभ्याच्या मुलखात असा पाषाण दिसला की तो कुठल्या खाणीतला हे विचारावेच लागते. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ तर काळ्या बेसाल्टचे. गोव्यातल्या लेण्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत ग्रितली फॉन मिटरवालनर या जर्मन बाई होत्या. जर्मनीहून येऊन कोणी आपल्या गुहांची मापे घेतली आणि आपण त्यांना ‘पांडवांनी खोदलेल्या’ म्हणून मोकळे झालो, याचे मला अजून नवल वाटते.

दगड बघायला मूर्ती दिसायला हवी, आणि ती सहसा दिसत नाही. लुगडे, फुले, चांदीचा मुखवटा, वर प्रभावळ. काळ ठरवायला लागतात त्या खुणा, म्हणजे मुकुटाची घडण, कमरपट्टा, पायाशी बसलेले वाहन, सगळ्या कपड्याखाली. अभिषेकाच्या वेळी काही मिनिटे मूर्ती उघडी असते. तेव्हा गर्भकुडीत, म्हणजे गाभाऱ्यात, भट असतो, अभ्यासक उंबऱ्याबाहेर, आणि मोबाइल बंद. परवानगी द्यायची महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत कारभाऱ्यांनी. काही ठिकाणी महाजन म्हणतात, आम्ही कोण? देवाला विचारूया. मग प्रसाद लावायचा, कौल घ्यायचा. उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार आला, तर फोटो, नाही तर शब्दांत वर्णन. संशोधन-पद्धतीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे प्रकरण नाही.

गावात जिला केळबाय म्हणून पुजतात, ती बहुतेकदा दोन बाजूंना हत्ती असलेली गजलक्ष्मी असते. प्रबंधात गजलक्ष्मी लिहिले की परीक्षक खूश होतात. पण केळबायचा मान कोणाचा, तिला काय चढते, ती कोणत्या देवाची बहीण, हे गाळले तर निम्मी मूर्ती गाळली. दसऱ्याला निघणारी लुगड्यांनी गुंडाळलेली तरंगे, म्हणजे देवाचे प्रतीक असलेले उंच खांब, घ्या. ती कला-इतिहासात बसतात का? माझ्या मते बसलीच पाहिजेत. लाकूड, कापड, धातू, घडण, मिरवणूक, सगळे त्यात आहे.

देवळाच्या इमारतीवरून तर अभ्यासकांत चांगलीच जुंपण्यासारखी आहे. घुमट, कमानीच्या खिडक्या, अष्टकोनी दीपमाळ, कौलारू सभामंडप. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत फोर्डहॅम विद्यापीठात शिकवलेले गोमंतकीय पंडित जुझे परेरा यांनी गोव्याच्या बरोक वास्तुकलेवर १९९५ मध्ये पुस्तक लिहिले आणि चर्चबरोबर देवळांनाही त्याच चौकटीत आणले. अमिता कानेकर यांनी याच देवळांतले विजापुरी आणि युरोपीय धागे दाखवून दिले आहेत. ‘प्राचीन देवस्थान’ असा फलक लावलेल्या महाजनांना हे वाचून बरे वाटेलच असे नाही. देव जुना असतो, देऊळ त्याहून पुष्कळ तरुण असू शकते. कमळेश्वराच्या कोरगावासारख्या गावात हे बोलताना आवाज जरा मऊ ठेवावा.

पुरावा कागदात शोधायचा तर भाषांची फौज हवी. १७८८ पूर्वीच्या वाडीकरांच्या कागदांना मोडी, नंतरच्यांना पोर्तुगीज, वाडीकरांच्याही आधीच्या शिलालेखांना संस्कृत आणि हळेकन्नड. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासूनचे. देवस्थानांच्या कारभारासाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये माझानियांचा, म्हणजे महाजनांच्या मंडळांचा, कायदा केला आणि देवस्थानांवर सरकारी देखरेख बसवली. आजही मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो तो त्याच वारशाने. देखरेख म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे आपल्या मुलीचे भाग्य. दागिने, पालखी, दुरुस्तीचा खर्च यांची नोंद ज्या दप्तरात सापडेल, तिथून तिचे एखादे प्रकरण उभे राहील.

कागद मात्र थांबतो. भिंत थांबत नाही. कावीकामच घ्या. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असताना टोकदार हत्याराने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा वेली, मोर, देव होऊन वर येतो. हे भिंतीच्या अंगातच असते, सोलून संग्रहालयात नेता येत नाही. भिंत पडली की संपले. आणि भिंती पडताहेत. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात झाला, पेडण्यात जमिनींना भाव आला, मुंबईकर गावकऱ्यांच्या देणग्या आहेतच. त्यातून स्लॅब, टाइल्स, ग्रॅनाइट येते. यामागे भक्तीच असते, दुष्टावा नसतो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ सरकारने जपून दुरुस्त केले, २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. पण ते राज्य-संरक्षित स्मारक. पेडण्यातली बहुतेक देवळे त्या यादीत नाहीत.

देवळांत जायचे नसेल तर विषय दिवाळी अंकांतही आहे. का. र. मित्र, मूळ आडनाव आजगावकर, यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ चालवला आणि त्यांची मुखपृष्ठे घराघरांत भिंतीवर चढली. मराठी मध्यमवर्गाची नजर त्या चित्रांनी घडवली. जुने अंक रद्दीत जाण्याआधी हा प्रबंध कोणीतरी करावा.

आता मामा. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक, संग्रहालय, पुरातत्त्व खाते, मुंबईतली लिलावगृहे आणि खासगी संग्रह. जागा थोड्या, रांग मोठी. खोटा धीर देण्यात अर्थ नाही. पण पेडण्यातल्या मुलीकडे एक गोष्ट असते, जी बडोद्याच्या किंवा दिल्लीच्या विद्यार्थ्याकडे नसते. महाजनांपैकी कोणीतरी तिचा काका असतो. म्हणून प्रबंधाचा आराखडा मार्गदर्शकाकडे नेण्याआधी तिने काकाला एकच विचारावे : देवळाचे काम कधी काढताय? आयोग सहा वर्षे देतो, तिला आठ. देवस्थानची कमिटी एका रविवारच्या बैठकीत ठराव करते, आणि चुन्याच्या भिंती चार दिवसांत उतरवल्या जातात. कोर्सवर्क नंतरही होईल. मोजपट्टी, कॅमेरा आणि कागद घेऊन आधी तिथे जावे.