‘मेंते’ म्हणजे ‘श्रीमंत’मधला ‘मंत’ नव्हे

इटालियन शिकायला घेतली की कुणीतरी शहाणा हे ऐकवतोच: ‘लेंतामेंते’, म्हणजे हळूहळू, यातलं ‘मेंते’ हे आपलंच ‘मंत’. श्रीमंत, बुद्धिमंत वगैरे. संस्कृत तिकडे गेली, तिची लॅटिन झाली आणि लॅटिनची इटालियन.

साफ चूक. ‘श्रीमंत’मधला ‘मंत’ हा ‘असलेला’ या अर्थाचा संस्कृत प्रत्यय. मनाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ‘मेंते’ आलं ते लॅटिनमधल्या ‘मेन्स’ या नामापासून. मेन्स म्हणजे मन, मेंते म्हणजे मनाने. ‘लेंता मेंते’ हे मुळात दोन सुटे शब्द: संथ मनाने. पुढे मन झिजलं, प्रत्यय उरला. म्हणून इटलीत आगगाडीही खुशाल ‘संथ मनाने’ जाते!

पुरावा व्याकरणातच आहे. विशेषण पुल्लिंगी ‘लेंतो’, पण ‘मेंते’पूर्वी कायम स्त्रीलिंगी ‘लेंता’. का? तर ‘मेन्स’ स्त्रीलिंगी आहे. ‘मंत’वाल्यांनी या ‘आ’काराचा हिशोब द्यावा. स्पॅनिशमध्ये तर जोड अजून सुटतो: ‘स्पष्टपणे आणि थोडक्यात’ म्हणताना ‘क्लारा इ कॉन्सिसामेंते’, दोघींत मिळून एकच मेंते. आठव्या शतकातल्या राइखेनाउ शब्दसूचीत ‘सिंगुलारितेर’ या जुन्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सोलामेंते’, म्हणजे ‘केवळ’, असा दिला आहे. तिथे मन कुठेच नाही.

संस्कृतशी नातं आहे, पण चुलत. ‘मेन्स’ आणि ‘मति’ एकाच आजीची नातवंडं; कुणी कुणाची आई नाही. देव–दीओ, सर्प–सेर्पे, सप्त–सेत्ते ही साम्यं फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो सास्सेत्ती या व्यापाऱ्याने 1580च्या दशकात भारतातून लिहिलेल्या पत्रांत टिपली होती. तो 1588मध्ये गोव्यातच वारला. संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषांचा उगम एखाद्या समान, कदाचित लुप्त झालेल्या भाषेत असावा, हे भाषाभ्यासक विल्यम जोन्सने 1786मध्ये कलकत्त्यात मांडलं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘माई’ म्हणजे ‘कधीच नाही’? मूळ लॅटिन ‘मागिस’, अर्थ ‘अधिक’. नकार बहुधा शेजारचा ‘नोन’ पुरवतो, आणि प्रश्नात ‘माई’ नुसतं ‘कधी’ होतं. सगळ्या क्रियाविशेषणांना मेंते लागतं? ‘बेने’ आणि ‘माले’, म्हणजे चांगलं आणि वाईट, लॅटिनमधून जसेच्या तसे आले. आणि ‘पियानो’ हे आधी वाद्याचं नाव नव्हतं: लॅटिन ‘प्लानुस’, सपाट, त्यावरून हळू. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याच्या वाद्याची फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या 1700च्या वाद्यांच्या यादीत नोंद झाली ती हळू आणि जोरात, दोन्ही वाजणारं म्हणून.