शेवाळातील पेले

दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूस डोंगर कापून वाट काढली, की मातीची दरड उघडी पडते. काही पावसाळे गेल्यावर तिच्यावर मखमली शेवाळ चढते आणि त्या शेवाळात करड्या-हिरव्या रंगाचे, बोटाच्या पेराहूनही लहान असे पेले उभे राहतात. नवखा प्रवासी त्यांना अळंब्या समजतो. वस्तुतः हे शैवाक होय. क्लॅडोनिया हे त्याच्या प्रजातीचे नाव. मराठी गृहिणीला शैवाक परके नाही, कारण गोड्या मसाल्यातील दगडफूल हेही शैवाकच. मात्र दगडफूल पापुद्र्यासारखे पसरते. त्याला पेले येत नाहीत.

शैवाक म्हणजे एकट्या वनस्पतीचा देह नव्हे, तो एक संसार आहे. बुरशीचे तंतू घर बांधतात आणि त्या घरात राहणारे शैवल उन्हाच्या साहाय्याने अन्न शिजविते. स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर याने १८६७ मध्ये हे सांगितले, तेव्हा अनेक नामांकित शैवाकतज्ज्ञांना ते मुळीच रुचले नाही.

पेला दिसला म्हणजे ओळख पटली असे मात्र नाही. पेल्याचा आकार ही सर्वांत मोहक आणि म्हणूनच सर्वांत फसवी खूण. भिंग घेऊन पाहावे ते त्याच्या अंगावरील कणांकडे. क्लॅडोनिया फिंब्रिआटाचा सडपातळ पेला मैदा भुरभुरल्यासारखा दिसतो. क्लॅडोनिया क्लोरोफीआच्या पेल्यावर रवा असतो. क्लॅडोनिया पिक्सिडाटाचा पेला रुंद तोंडाचा. त्याच्या आत पीठ नसते, जाड कण्या व खवले असतात. काठावर तांबड्याभडक गाठी आल्या असतील, तर तो या तिघांपैकी नव्हेच. तो क्लॅडोनिया कॉक्सिफेरा किंवा त्याचा कोणी भाऊबंद. रव्याच्या गटात तर भिंगही हात टेकते. तेथे शैवाकातील आम्लांची रासायनिक परीक्षा करावी लागते. जपानच्या यासुहिको असाहिना यांनी त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहण्याची रीत घालून दिली.

हे पीठ आणि हा रवा शोभेचा नव्हे. प्रत्येक कणात शैवलाच्या काही पेशी आणि त्यांना वेढणारे बुरशीचे तंतू असतात. पावसाचा टपोरा थेंब पेल्यात आदळला, की कण उडून बाहेर पडतात आणि दोन्ही सोबती एकदमच नव्या जागी पोहोचतात.

ती जागा कशी असावी? आम्लधर्मी, निकस माती, कुजका बुंधा किंवा शेवाळलेला खडक. ओल हवी, उजेडही हवा. गवत उंच वाढले, की पेल्यांचा निभाव लागत नाही. मुळे नसल्याने शैवाक हवेतून व पावसातून येईल ते घेते. त्यामुळे धुराने माखलेली शहरे बहुतेक शैवाकांना सोसत नाहीत. पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानाच्या संदर्भात विल्यम निलांडर याने १८६६ मध्येच ही गोष्ट नोंदविली होती.

शैवाकाची वाढ वर्षाला काही मिलिमीटरांची. हौसेने चिमटीत धरून उपटलेल्या पेल्यामागे कित्येक पावसाळे असतात. आणि तसा उपटला, की त्याच्या बुडाशी असलेले खवले मातीतच राहून जातात. ओळखीचा अर्धा पुरावा त्या खवल्यांत असतो. म्हणून जाणता संग्राहक सुरीने मातीसकट चिमूटभर तुकडा उचलतो, कागदाच्या पुडीत वाळवितो आणि पुडीवर गाव, उंची, तिथी व माती की लाकूड हे लिहून ठेवतो. एवढ्या नोंदींसह आलेली पुडी लखनौच्या किंवा पुण्याच्या संग्रहात ठेवली, तर ती दरड पुढे रस्तारुंदीत गेली तरी तेथे काय उगवत होते हे पाहता येते.