वळिवाची वादळे आणि गावाची सज्जता

चैत्र-वैशाखातील उन्हाने भूमी तापली, की दुपारनंतर क्षितिजावर पांढऱ्या ढगांचे मनोरे उभे राहू लागतात. तासा-दोन तासांत आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि मेघगर्जनेसह वळिवाच्या सरी कोसळतात. मार्च ते मे या काळात विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात येणारी ही अस्थिर हवा उकाड्यातून घटकाभर सुटका करते. पण वीज, गारपीट व सोसाट्याचा वारा यांमुळे मोठी हानीही करते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील रब्बी पिके व फळबागा उद्ध्वस्त केल्या. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत उघड्यावर काम करणारे शेतकरी, शेतमजूर व गुराखी यांची संख्या मोठी असते.

ढग कसा घडतो?

तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिला बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली, की ढग झपाट्याने वाढून बारा ते पंधरा किलोमीटर उंची गाठतो. तेथील कडाक्याच्या थंडीत हिमकण व बारीक गारा एकमेकांवर आदळतात आणि विद्युत्भार विभागला जातो; साधारणतः वरच्या भागात धनभार व खालच्या भागात ऋणभार साचतो. हा ताण हवेला पेलवेनासा झाला, की वीज चमकते. तिच्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापून एकाएकी प्रसरण पावते. तोच गडगडाट होय. प्रकाश तत्काळ दिसतो, आवाज मात्र एक किलोमीटर अंतरास सुमारे तीन सेकंद घेतो. म्हणून चमक व गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आले असे समजून आसरा गाठावा.

अंदाजाची मर्यादा

एका गडगडाटी ढगाचे आयुष्य बहुधा तासाभराचे असते आणि त्याचा विस्तारही थोड्याच गावांपुरता असतो. त्यामुळे अमुक गावी अमुक वेळी वीज पडेल, असे आदल्या दिवशी सांगता येत नाही. भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय इशारे काही दिवस आधी देतो. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास व लाल प्रत्यक्ष कृती करण्यास सांगतो. रडारवर ढग दिसू लागल्यावर पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज प्रसृत होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजांची सूचना देते. परंतु भ्रमणध्वनी घरी ठेवून रानात गेलेल्या मजुरापर्यंत ही सूचना पोहोचवण्याचे काम गावालाच करावे लागते.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

इशारा मिळताच तो ध्वनिक्षेपकावरून किंवा दवंडीने सर्वत्र पोहोचवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने एका निश्चित व्यक्तीवर सोपवावी. दुपारी दोन ते सायंकाळी सातपर्यंतचा काळ विशेष जोखमीचा मानून बाजार, लग्नकार्ये व शेतातील मोठी कामे यांचे नियोजन करावे. शाळा, समाजमंदिर यांसारख्या पक्क्या इमारतींवर वीज अटकाव यंत्रणा बसवून तिच्या भूजोडणीची दरवर्षी तपासणी करून घ्यावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर काही गोष्टी ठसवाव्यात. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये वा तारेच्या कुंपणाजवळ थांबू नये. विहीर, तळे, ओढा यांतून ताबडतोब बाहेर यावे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आसरा सोडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युत्भार राहत नाही. त्याला स्पर्श करण्यास भिऊ नये. श्वास व नाडी बंद असल्यास छातीवर दाब व कृत्रिम श्वासोच्छ्वास त्वरित सुरू करावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

वळीव म्हणजे मोसमी पाऊस नव्हे, हेही शेतकऱ्यांना समजावून सांगणे अगत्याचे आहे. एका दमदार सरीच्या भरवशावर केलेली पेरणी पुढील उघडिपीत वाया जाऊ शकते. मोसमी पाऊस स्थिरावून जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत धीर धरणे हिताचे.

वादळ थोपवणे कोणाच्याही हाती नाही. मात्र इशारा आणि वीज यांमधील थोडासा अवधी सत्कारणी लावणे गावाच्या हाती आहे, आणि त्याची तयारी फाल्गुन संपण्यापूर्वीच झाली पाहिजे.