विकणे आहे... माराटक्किदे!

वर्गात मी गेली १८ वर्षे मागणी आणि पुरवठा शिकवतो. किंमत कशी ठरते, गिऱ्हाईक काय बघते, बाजार कसा चालतो हे फळ्यावर आलेख काढून सांगताना कधी अडखळायला झाले नाही. पण वडिलांचा टिळकवाडीतला फ्लॅट विकायला काढला आणि चार महिने एकही गिऱ्हाईक टिकेना, तेव्हा माझे सगळे अर्थशास्त्र फळ्यावरच राहिले. घर विकत घेण्याविषयी आपण चार लोकांना विचारतो. विकण्याविषयी मात्र कुणी काही विचारत नाही, कारण त्यात काय शिकायचे, असे वाटते. मलाही तसेच वाटले होते.

आमचा फ्लॅट १९९८ साली घेतलेला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. २०२२ मध्ये वडील गेले. त्यानंतर आई दोन वर्षे तिथेच राहिली. दोन्ही गुडघे गेलेले, जिना उतरायला तिला दहा मिनिटे लागत. ऑपरेशन करून घे म्हटले की म्हणायची, "करीन, पण माझ्या पैशानं." २०२४ च्या दिवाळीनंतर ती अनगोळला आमच्याकडे राहायला आली आणि स्वतःच म्हणाली, "फ्लॅट विकून टाका. त्याच पैशात गुडघे करून घेते." म्हणजे फ्लॅट जितका लांबणार, तितके तिचे दुखणे लांबणार होते.

भाव मनाचा आणि भाव बाजाराचा

पहिली चूक किमतीची. शेजारच्या गल्लीत लिफ्टवाल्या नव्या इमारतीत ५२ लाख सांगत होते. मी विचार केला, आपली जागा मोक्याची, आपण ४८ सांगू. गिऱ्हाईके फोनवरच "बघतो, सांगतो" म्हणून गप्प व्हायची.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे लोक सांगतात तो भाव आणि प्रत्यक्ष व्यवहार होतो तो भाव, यांत अंतर असते. दुसरी म्हणजे आपले गिऱ्हाईक बहुधा कर्ज काढून घेणार असते. बँक आपल्या व्हॅल्युएटरच्या आकड्यावर कर्ज देते, आपल्या आठवणींवर नाही. इमारत जुनी असेल तर तेही त्या आकड्यात धरले जाते. वरचा फरक गिऱ्हाइकाला खिशातून घालावा लागतो आणि तिथेच व्यवहार मोडतो. बँकेत असलेल्या एका मित्राला, आमच्याच इमारतीत दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकलेल्या शेजाऱ्यांना आणि एका एजंटाला वेगवेगळे विचारले. तिघांचे आकडे ४० ते ४३ लाखांच्या आत आले. मी साडेबेचाळीस सांगायचे ठरवले आणि चाळीसच्या खाली यायचे नाही, हे आईशी आणि बहिणीशी बोलून आधीच पक्के केले. सरकारी मार्गदर्शक दरही बघून ठेवावा. खरेदीपत्राचा हिशेब तिथून सुरू होतो.

क्षेत्रफळाचेही तसेच. मी जाहिरातीत ९५० चौरस फूट लिहिले होते. एक गृहस्थ टेप घेऊनच आले. खोल्या मोजल्या, ६९० भरले. माझा आकडा खोटा नव्हता, तो जिना आणि भिंती धरून बिल्डरने दिलेला सुपर बिल्टअप होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर 'मास्तरांनी फसवलं' असे स्पष्ट दिसले. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली, तेव्हापासून लोक तोच विचारतात. जुन्या फ्लॅटलाही आपण होऊन कार्पेटच सांगावा.

कॅलेंडरमागची ओल

दुसरी चूक घर दाखवण्याची. बेळगावचा पाऊस काय असतो ते वाचकांना सांगायला नको. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओलीचा डाग आला होता. मी त्यावर कॅलेंडर टांगले. एक बाई आल्या, हॉलमध्ये बसल्याही नाहीत, सरळ जाऊन त्यांनी कॅलेंडर उचलले. पुढे बोलायला काही उरलेच नाही.

मग प्लंबर बोलावून गळका पाइप बदलला, भिंत नीट वाळू दिली आणि त्यानंतरच रंग दिला. ओल्या भिंतीवर रंग काढला तर तो पुढच्या पावसाची वाट बघत नाही, आधीच फुगतो. प्लंबरचे बिल जपून ठेवले आणि येणाऱ्याला आपण होऊन दाखवले, "इथं गळत होतं, हे काम करून घेतलंय." गंमत अशी की या एका वाक्याने जेवढा विश्वास बसला, तेवढा नव्या रंगाने बसला नव्हता.

बाकी गोष्टी कमी खर्चाच्या. सगळे बल्ब चालू हवेत, नळ ठिबकता कामा नये, बाल्कनीत धुणे नको, खिडक्या धुतलेल्या हव्यात. सकाळी उजेड चांगला येत असेल तर सकाळचीच वेळ द्यावी. वडिलांचे टेबल, पुस्तकांच्या पेट्या, दोन जुनी कपाटे हलवली तेव्हा हॉल केवढा मोठा आहे ते आम्हालाच पहिल्यांदा दिसले. ते टेबल उचलताना आईने तोंड फिरवले होते. म्हणून ही आवराआवर गिऱ्हाईक दारात आल्यावर करू नये. आधी, घरच्यांना वेळ देऊन करावी.

आईची एक सवय मात्र मला अडचणीची वाटत होती. येईल त्याला ती सांगायची, "ह्याच खोलीत गेले ते." लोक चहा अर्धा ठेवून उठत. तिला गप्प बस म्हणणे माझ्याने होईना. मार्ग बायकोने काढला. म्हणाली, "अत्ती, तुम्ही पाण्याचं सांगा, शेजाऱ्यांचं सांगा. ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही." आणि खरेच, कुठल्या नळाला जोर असतो, भाजीवाली किती वाजता येते, ऊन कुठल्या महिन्यात कुठवर येते, हे आईइतके कोण सांगणार? बाकी, कुणी विचारलेच तर खरे तेच सांगायचे, हेही ठरले.

अर्ध्या गावाला सांगितलेच नाही

तिसरी चूक बायकोनेच दाखवली. ती धारवाडची, माहेरची भाषा कन्नड. गॅलरीला लावलेला माझा बोर्ड बघून म्हणाली, "फ्लॅट विकणे आहे, एवढंच? अर्ध्या गावाला तुम्ही सांगितलंच नाही की!" जाहिरात दिली तीही एका मराठी दैनिकात. त्यात वडिलांचे एक जुने स्नेही येऊन सांगून गेले होते, "आपल्याच माणसाला द्या हं." आईच्या मनातही थोडे तसेच होते. मागणी अर्ध्यावर आणून किंमत पुरी मागायची, असे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते तर मी त्याला नापास केले असते.

आईशी बोललो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "समोरच्या बाईनं पंधरा वर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं. ती कुठं मराठी आहे? लाव बोर्ड." दुसऱ्या दिवशी मराठीखाली कन्नडमध्ये ओळ आली, 'फ्लॅट माराटक्किदे'. कन्नड दैनिकातही जाहिरात दिली. मालमत्तेच्या वेबसाइटवर आठ फोटो टाकले, सगळे दिवसाउजेडी काढलेले. आधी तीन एजंटांना सांगितले होते आणि तिघे तीन भाव सांगत होते, त्यामुळे गिऱ्हाईक बिचकायचे. आता एकच एजंट ठेवला आणि त्याचे कमिशन किती टक्के, ते आधीच बोलून घेतले. आठवड्याला एक येत होते, ते चार-पाच येऊ लागले.

वेळही महत्त्वाची. पितृपक्षात मराठी घरातले आणि आषाढात कन्नड घरातले लोक घराचा विषय काढत नाहीत. पाडवा-उगादी ते अक्षय तृतीया आणि दसरा ते दिवाळी, हे आपल्याकडचे खरे दिवस.

कागद तयार तर गिऱ्हाईक तयार

चौथी चूक सर्वांत महाग पडली. जानेवारीत एक चांगले गिऱ्हाईक आले होते, भावही जवळपास जमला होता. त्यांनी खाते उतारा मागितला, तर त्यावर अजून वडिलांचेच नाव! "नाव बदलून घ्या, मग बोलू," म्हणून गेले आणि तेवढ्यात दुसरीकडे घेऊन मोकळे झाले.

वडिलांनी स्वकष्टाने घेतलेला फ्लॅट आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मी आणि बहीण तिघांचा सारखा हक्क. बहीण लग्न होऊन पुण्याला गेली म्हणून तो संपत नाही. दोघा-तिघांनी सुचवले, "तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्या." मी नाही म्हटले. तिघांच्या सह्यांनी विकू आणि तिघांत वाटू, हे पहिल्याच दिवशी ठरले होते. खरेदी करणाऱ्यालाही तेच हवे असते. नंतर कुणी वारस उभा राहणार नाही, याची खात्री.

मग मृत्यू दाखला, वंशवृक्ष, वारसा नोंद आणि ई-खाते असे एकेक करत गेलो. कर्नाटकात ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीला ई-खाते लागते, हे ठाऊक नसलेले विक्रेते आजही भेटतात. कावेरी पोर्टलवरून ईसी, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र काढले. मूळ खरेदीपत्र, घरपट्टीच्या पावत्या, हेस्कॉमचे आणि पाण्याचे बिल, इमारतीच्या संघाचा 'बाकी नाही' दाखला, सगळ्यांची एक फाइल केली. येणाऱ्याच्या हातात झेरॉक्स देऊ लागलो. आमचे १९९८ चे खरेदीपत्र कन्नडमध्ये आहे. मराठी वाचणाऱ्यासाठी त्याचा सारांश एका पानावर लिहून ठेवला, तोही उपयोगी पडला.

पैशाच्या दोन गोष्टी. संचकार रोखीने २० हजार किंवा त्याहून जास्त घेऊ नये. कायद्याने मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. आणि नफ्यावर कर असतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यांपैकी जे कमी पडेल ते निवडता येते. नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर सूटही मिळते. संचकार घेण्याआधीच सीएला भेटावे, नंतर नव्हे.

उगादी झाल्यावर बैलहोंगलकडचे एक शिक्षक दांपत्य आले. मुलीला बेळगावात पीयूसीला घालायचे होते. सोबत सासूबाई. त्यांनी दारातूनच विचारले, "नीर हेंग बरतैतरी?" आईने शहापूरच्या बाजारात शिकलेल्या कन्नडमध्ये उत्तर दिले आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या अर्ध्या तासाने बाहेर आल्या. मी फाइल दिली, बिल दाखवले. एकेचाळीसवर जमले. ३० एप्रिल २०२५ ला अक्षय तृतीया होती, त्या दिवशी चेकने संचकार झाला. बँकेचे कर्ज मंजूर होऊन आषाढ लागायच्या आत, जूनच्या मध्यावर खरेदीपत्र झाले. बहीण पुण्याहून सहीला आली. (खर्च बहुधा खरेदीदाराचा असतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झाले आहे, तेव्हा गिऱ्हाइकाच्या बजेटचा अंदाज घेताना तेही धरावे.)

जुलैत आईचे ऑपरेशन झाले, तिच्या पैशाने.

दसऱ्याला त्या शिक्षकांचा फोन आला, "अज्जींना घेऊन या." आई कठडा धरून, सावकाश, पण कुणाचा हात न घेता दोन मजले चढली. दारात सासूबाई उभ्या होत्या. आईने आपट्याची पाने दिली, त्यांनी बन्नीची दिली आणि म्हणाल्या, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरूण." सोन्यासारखे राहू या. हॉलमध्ये, जिथे वडिलांचे टेबल होते, तिथे त्यांच्या मुलीचे टेबल होते. आईने ते बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाथरूमची भिंत कोरडी आहे न्हवं?"

कोरडी होती.