वाय-फाय मेमरी कार्ड आणि गोप्रो

काय असतं? एसडी कार्डाच्याच आकारात साठवण, वाय-फाय चिप आणि अँटेना. आय-फाय कंपनीचं पहिलं कार्ड २००७ मध्ये आलं. तोशिबाचं फ्लॅशएअर नंतरचं.

कोणत्या कॅमेऱ्यात? गोप्रो एचडी हीरो आणि हीरो २ (२०११) यांत पूर्ण आकाराचं एसडी कार्ड लागतं, ३२ × २४ मिमी. २०१२ च्या हीरो ३ पासून मायक्रो एसडी, १५ × ११ मिमी, आणि बहुतेक मॉडेलांत वाय-फाय कॅमेऱ्यातच. अडॅप्टर एकाच दिशेनं उपयोगी: मायक्रो एसडी मोठ्या खाचेत बसवता येतं, उलट नाही.

वेग दोन, गल्लत नको. ‘क्लास ४’, ‘क्लास १०’ म्हणजे कार्डावर लिहिण्याचा किमान वेग: सेकंदाला ४ किंवा १० मेगाबाइट. वायरलेस वेगाशी त्याचा संबंध नाही. सेकंदाला १५ मेगाबिट दराचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे ११२ मेगाबाइट भरतो. त्यामुळे वाय-फायवरून फोनवर फोटो झटपट पोचतात, व्हिडिओ रेंगाळतो.

बॅटरी. कार्ड कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर चालतं. फाइल जात असताना कॅमेरा आपोआप बंद झाला, की पाठवणं तुटतं. त्या वेळेपुरतं ऑटो-ऑफ बंद ठेवावं.

पाण्याखाली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरतात. चित्रण कार्डात साठत राहतं. फोनवर घ्यायचं ते वर आल्यावर.

जुनं कार्ड हाती आलं तर: आय-फाय एक्स२ आणि त्याआधीच्या कार्डांची ऑनलाइन सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये थांबली. साधं एसडी कार्ड म्हणून ती वापरता येतात.